कागदाचे विमान

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायचे म्हणजे विषय कसा भारदस्त हवा. स्त्रीशिक्षण, काटकसर, सकस आहार, मुलांवरचे संस्कार हे सगळे विषय आपल्या मंडळात अनेकदा झाले आणि चांगले झाले. आज मी मात्र आपल्यापुढे कागदाचे विमान घेऊन उभी आहे. चिटणीसबाईंना हा विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. माझे सारे आयुष्य शाळेत शास्त्र शिकवण्यात गेले. वर्गात उडणारी विमाने जप्त करणे हा त्या नोकरीचाच एक भाग. ती विमाने मी टेबलाच्या खणात ठेवी आणि मधल्या सुटीत एकेक उलगडून पाही. कुणी नाक जड केले आहे, कुणी शेपटीला मुरड घातली आहे, हे पाहताना चहा निवून जाई. त्या खणाने मला जे शिकवले तेच आज सांगणार आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणाला उठावे लागले तरी हरकत नाही. घडी घालणे ही आपल्या हातांतली जुनी विद्या आहे. ती घडी हवेत टिकते की नाही, हे स्वतः सोडून पाहण्याचा हक्कही घडी घालणाऱ्या हातांचाच असला पाहिजे. एवढीच गोष्ट आहे, बाकीचा विस्तार.

प्रथम कागदाकडे पाहू. आपण नऊवारीच्या निऱ्या घालतो, करंजीची कड मुरडतो, मोदकाच्या पाकळ्या काढतो, पत्रावळी आणि द्रोण लावतो. सपाट वस्तूला घडीने आकार आणि बळकटी येते, हे आपल्या बोटांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. एक कागद नुसता टोकाला धरला तर तो मान टाकतो. त्यालाच मधोमध एक घडी घाला, की तो ताठ उभा राहतो. विमानाची सुरुवात इथे आहे.

कचेरीत वापरतात तो ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब आणि २१० मिलिमीटर रुंद असतो. असे सोळा कागद एकमेकांना लावून मांडले की एक चौरस मीटर भरतो. पुडक्यावर ८० जीएसएम असे छापलेले असते, त्याचा अर्थ एका चौरस मीटरचे वजन ८० ग्रॅम. आता सोळाने भागा. एका कागदाचे वजन आले पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा साखर. वर्तमानपत्राचा कागद विमानाला घेऊ नये, तो फार मऊ. पुठ्ठा घेऊ नये, तो घडीला दाद देत नाही. एका बाजूने छापलेले जुने कागद उत्तम.

घडी घालण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करा. सारखे दोन कागद घ्या. एकाचा चुरगळून गोळा करा, दुसरा तसाच आडवा धरा आणि दोन्ही एकदम सोडा. गोळा सरळ खाली येतो; दुसरा डुलत, हेलकावे खात, मनाला येईल तिकडे जाऊन पडतो. वजन दोघांचे तेच पाच ग्रॅम. मग फरक कशाचा? हवेचा. आपल्याला हवा दिसत नाही म्हणून ती नाही असे वाटते; पण गच्चीवर वाळत घातलेली साडी ओढून काढताना ती आहे हे चांगलेच कळते. डुलणाऱ्या कागदाला हवा धरते, पण त्याला दिशा नसते. त्याला दिशा देणे हेच विमानाच्या घडीचे काम.

आता घडी. आपल्याला दारातच एकेक कागद दिला आहे, तो मांडीवर पुस्तक ठेवून त्यावर घ्या. कागद उभा धरा. लांबीच्या दिशेने मधोमध दुमडा, नखाने घडी दाबा आणि पुन्हा उलगडा. ही मधली रेघ आपला ओळंबा. वरचे दोन्ही कोपरे आत आणून या रेघेला भिडवा. वर घराच्या छपरासारखा तिकोन तयार होईल. आता हा सबंध तिकोन खाली दुमडायचा आहे. पण त्याच्या पायथ्याच्या रेघेवर नव्हे, तर त्याखाली दोन सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीइतके सोडून. तिकोनाचे टोक मधल्या रेघेवरच आले पाहिजे. आता वरचे नवे दोन कोपरे पुन्हा आत आणून मधल्या रेघेला भिडवा. त्यांच्या खालून पहिल्या तिकोनाचे टोक जिभेसारखे थोडे बाहेर डोकावेल. ते टोक वर दुमडून त्या दोन्ही कोपऱ्यांवर बसवा. झाली कडी! आता कोपरे सुटणार नाहीत. टाचणी नको, गोंद नको.

यानंतर कागद मधल्या रेघेवर पाठीमागे दुमडा, म्हणजे ती जीभ बाहेरच्या बाजूला राहील. ही मधली घडी म्हणजे विमानाचे पोट. पोटापासून दीड बोट अंतर सोडून, पोटाला समांतर, दोन्ही बाजूंना पंख दुमडा. एका पंखाची घडी दुसऱ्या पंखावर ठेवून ताडून पाहा. पोळपाटावर लाटलेल्या दोन करंज्या एकसारख्या आहेत की नाहीत हे आपण नजरेने ओळखतो. तीच नजर इथे लावायची. पंख उलगडून समोरून पाहिले, तर ते सपाट नसावेत; पसरट परडीच्या बाजूंसारखे किंचित वर उचललेले असावेत.

आता यातल्या प्रत्येक गोष्टीचे कारण सांगते, कारण कारण कळले नाही तर घडी म्हणजे नुसते पाठांतर.

नाकाकडे आपण कागदाचे इतके पदर का आणले? वजन पुढे यावे म्हणून. विमान दोन बोटांच्या टोकांवर पंखांखाली तोलून पाहा. तोल मध्यावर नसून पुढच्या भागात येईल. हवा पंखांना जिथे उचलते, त्या जागेच्या थोडे पुढे वजन असावे लागते. वजन मागे राहिले, तर विमान नाक वर करते, थबकते आणि पाठीवर कोसळते. 

पंख वर उचललेले का? विमान चालता चालता एका अंगाला कलले आणि तिकडे घसरू लागले, की खाली गेलेल्या पंखाला हवा अधिक धरते आणि त्याला वर ढकलते. विमान आपोआप सावरते. पंख खाली लोंबते ठेवले तर उलटा परिणाम होतो.

आणि ते पुढे जाते कशाच्या जोरावर? त्याला इंजिन नाही. हाताने दिलेला वेग लवकरच सरतो. त्यानंतर ते उंची खर्च करून अंतर विकत घेते. खाली येता येता पुढे सरकते, पंख हवेला खाली दाबतात आणि हवा त्यांना वर धरते. काटकसरीने संसार करणाऱ्या गृहिणीसारखेच ते. असलेली पुंजी एकदम उधळत नाही, थोडी थोडी वापरते. ज्या विमानाला हे साधते ते लांब जाते.

म्हणून सोडतानाही बेताने. विमान पोटाला, तोलाच्या जागी, अंगठा आणि पहिल्या बोटात धरा. खांद्याच्या उंचीवरून, नाक सरळ किंवा अगदी थोडे खाली ठेवून, तापलेल्या तेलात पुरी सोडावी तसे अलगद हवेत सोडा. पुष्कळ मुले दगडासारखे भिरकावतात. अरुंद, टोकदार, बाणासारख्या विमानाला तसा जोर चालतो. आपल्या या रुंद पंखांच्या विमानाला चालत नाही. पंखा बंद ठेवा. टोक कुणाच्या डोळ्याच्या रोखाने सोडू नका. आणि मुले गॅलरीच्या कठड्यावरून वाकून विमान सोडत असतील, तर तेवढे मात्र लगेच थांबवा.

पहिले विमान बहुधा नीट जाणार नाही. आणि माझ्या मते खरे शिक्षण इथून सुरू होते. नाक खाली घालून आपटले, तर पंखांच्या मागच्या कडा जरा वर मुरडा, केसभरच. वर चढून थबकून पडले, तर तीच मुरड कमी करा. डावीकडे वळत असेल, तर आधी दोन्ही पंख सारखे आहेत का पाहा. असतील तर उजव्या पंखाची मागची कड किंचित वर करा. उजवीकडे वळत असेल तर डाव्या पंखाची. पण नियम एक: एका वेळी एकच बदल. बदल केला की तीनदा सोडा, जमिनीवर खडूने खूण करा, मग पुढचा बदल. पुरण बिघडले म्हणून डाळ, गूळ आणि आच तिन्ही एकदम बदलले, तर पुढच्या वेळी जमलेले पुरण कशामुळे जमले हे कधीच कळत नाही. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत करतात ते याहून वेगळे नसते.

मागची कड वर मुरडण्याची ही युक्ती साधी दिसते, पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. आल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसच्या त्विलेरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे एक लहानसे विमान उडवून दाखवले. त्याची शेपटी अशी बेताने कललेली होती, की विमान स्वतःच तोल सांभाळी. सुमारे ४० मीटर अंतर ते ११ सेकंदांत गेले. याच पेनोच्या कल्पनेवरचे, कागद, बांबू आणि बुचाचे एक रबरी पिळाचे उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेतल्या एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. ते खेळणे मोडेपर्यंत खेळली, आणि मग तसेच स्वतः करू लागली.

वडिलांनी खेळणे आणले ही गोष्ट पुस्तकांतून सगळीकडे असते. त्यांच्या आईचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे नाव सुझन राइट. तिचे वडील गाड्या बनवीत, त्यांच्या कारखान्यात ती हत्यारे वापरायला शिकली होती. घरातल्या मोडक्या वस्तू ती दुरुस्त करी, मुलांना खेळणी करून देई, बर्फावरची घसरगाडीही तिने केली. मुलांना काही अडले तर ती आईकडे जात. ती १८८९ साली वारली. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे तिच्या मुलांचे पहिले उड्डाण झाले ते पाहायला ती नव्हती. ते उड्डाण बारा सेकंदांचे होते आणि अंतर सुमारे साडेछत्तीस मीटर.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवते. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी कॅलिफोर्नियात कागदाच्या एका विमानाने ६९.१४ मीटर अंतर काटून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या जवळजवळ दुप्पट! पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तिघा तरुण अमेरिकन अभियंत्यांनी ८८.३१८ मीटरची मजल मारून हा आकडाही मागे टाकला. पण मला २०१२ च्या विक्रमाविषयी बोलायचे आहे. ते विमान जॉन कॉलिन्स यांनी घडवले होते, आणि आपल्या पत्नीच्या नावावरून त्याचे नाव सुझॅन ठेवले होते. फेकले मात्र जो अयूब या, फुटबॉलचा चेंडू लांब फेकण्यात तरबेज असलेल्या खेळाडूने. घडी एकाची, हात दुसऱ्याचा. आणि विक्रम सांगताना दोघांचीही नावे सांगतात.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या मेळाव्याला मी पाहुणी म्हणून गेले होते. तिथे कागदी विमानांची स्पर्धा होती. मैदानाच्या कडेला, जिन्याच्या पायरीवर सहावीतली एक मुलगी बसली होती. मुले धावत तिच्याकडे येत. एक म्हणे, "नाक खाली घालतंय." ती शेपटीची कड मुरडून परत देई. दुसरा म्हणे, "वळतंय." ती पंख ताडून बघे, नखाने घडी नीट करी. तासाभरात तिच्या हातून दहाबारा विमाने गेली. निकाल लागला, फळ्यावर पाच नावे लिहिली गेली, पाचही मुलांची. त्यांतली निदान तीन विमाने मी तिच्या हातांत पाहिली होती.

मी तिच्याजवळ जाऊन विचारले, "तू का गं नाही सोडलंस?" ती म्हणाली, "बाई, कुणी नको नाही म्हटलं. पण ओळ मुलांचीच होती." मग थोडे थांबून तिने विचारले, "सगळ्यांत लांब गेलं ते कसं गेलं हो? सरळ गेलं का शेवटी खाली आलं?" भगिनींनो, तिला बक्षीस हुकल्याचे दुःख नव्हते. तिने केलेला बदल हवेत कसा वागला, हे तिला पाहायला मिळाले नव्हते. दुसऱ्यांच्या सांगण्यावरून ती दुरुस्ती करत होती. पुढचा बदल कोणता करावा, हे ज्याने त्याने आपल्याच डोळ्यांनी पाहून ठरवायचे असते. तेच तिच्या वाट्याला आले नाही.

कुणी तिला मनाई केली नव्हती, हे मी पुन्हा सांगते. मनाई असती तर तिच्याशी भांडता आले असते. पण नीट काम मुलीला सांगावे आणि मैदानात मुलाने जावे, ही आपल्या अंगवळणी पडलेली वाटणी आहे, आणि ती आपल्या घरांतही आहे. पुस्तकांना कव्हरे घालायला ताई, आणि सायकलची चेन बसली की दादा. मग हीच ताई नववीत म्हणते, "मला ते यंत्रांचं काही कळत नाही." तिला कळत नसते असे नाही, तिने ते कधी स्वतः सोडून पाहिलेले नसते.

ज्यांना पाहायला मिळाले त्यांचीही उदाहरणे आहेत. आयर्लंडमध्ये लिलियन ब्लँड नावाच्या बाईंनी १९१० साली स्वतः विमान बांधले आणि स्वतःच ते उडवले. आधी त्यांनी लहान नमुने करून पाहिले, मग मोठे. इंजिन आले पण पेट्रोलची टाकी आली नव्हती, तेव्हा त्यांनी दारूची रिकामी बाटली आणि बहिऱ्या आत्याबाईंचा कानाला लावायचा कर्णा जोडून काम भागवले! घरात असेल त्यातून वाट काढणे हे आपल्याला काही नवे नाही. आपल्या देशात १९३६ साली लाहोरला सरला ठकराल यांनी, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून एकटीने विमान चालवले. तेव्हा पदरी लहान मुलगी होती. १९८५ साली कोलकात्याहून सिलचरला गेलेले विमान केवळ स्त्रियांनी चालवले, आणि त्याच्या कप्तान होत्या सौदामिनी देशमुख. आज भारतातल्या वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण त्या सगळ्यांना कुणीतरी कधीतरी ओळीत उभे राहू दिले होते, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या पुण्यात अरविंद गुप्ता यांनी कितीतरी वर्षे टाकाऊ वस्तूंतून मुलांसाठी शास्त्राची खेळणी करून दाखवली. काडेपेटी, झिजलेल्या सायकलची नळी, जुना कागद एवढ्यावर शास्त्र शिकवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. म्हणजे खर्चाची सबबही आपल्याला उरलेली नाही.

तेव्हा माझी मंडळाला एक सूचना आहे, आणि अध्यक्षबाईंनी ती कार्यकारिणीपुढे ठेवावी अशी विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आपण मुलांचे शिबिर घेतो. त्यात एक सकाळ कागदाच्या विमानाला द्यावी. नियम तीनच असावेत. पहिला: ज्याने किंवा जिने घडी घातली, त्यानेच किंवा तिनेच विमान सोडायचे. दुसरा: प्रत्येकाला तीन संधी, आणि दोन संधींच्या मध्ये एकच बदल, काय बदलले ते आधी सांगायचे आणि मग सोडायचे. तिसरा नियम आपल्यासाठी: विमान पडले की कुठल्याही आईने, मावशीने, काकूने ते उचलून नीट करून द्यायचे नाही. फक्त विचारायचे, "काय झालं? तुला काय वाटतं?" हा तिसरा नियम सगळ्यांत अवघड आहे, मला कल्पना आहे. आपले हात लगेच पुढे होतात. ते तेवढ्यापुरते मागे बांधावेत.

आणि कुणाला जोडीने करायचे असेल, एकाने घडी घालायची आणि दुसऱ्याने सोडायचे असेल, तर तीही परवानगी द्यावी. जगातल्या मोठ्या विक्रमांतही तसे झाले आहे. फक्त मग पुढच्या फेरीत दोघांनी कामे बदलावीत, आणि फळ्यावर दोघांचीही नावे लिहावीत.

कागदांचा खर्च माझ्याकडे लागला. फळा आणि खडू मंडळाचा आहेच.  आता मांडीवरची विमाने तशीच घरी नेऊ नका. बाहेर अंगणात चला, ऊन उतरले आहे, वाराही पडला आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळजणींनी आजवर ती फक्त मुलांना करून दिली आहेत.